सतरा नंबरचा ट्रे

नाही हो, तुम्ही सावकाश करा — आल्यापासून बघतेय, तुमचीच धावपळ चाललीय, मला काही घाई नाही. ते स्टूल घ्या, एक पाय आखूड आहे त्याचा, भिंतीला टेकवून बसा. चहा घेणार? थर्मासमध्ये आहे. बरं, आधी काम मग चहा, असू दे. मागचं झाकण काढायचं तर फ्रीझर पुढे ओढावा लागेल, चाकं आहेत खाली, पण दार उघडू नका दादा, दार नको. तो लाल आकडा ना? उणे बेचाळीस. असायला हवा उणे ऐंशी. कधी बंद पडला — सकाळी. आज सकाळीच, मी आले तेव्हा. फोन तुम्हाला मी नाही केला, आमच्या ऑफिसातल्या कारकुनाने केला, तो सही घ्यायला आला आणि त्याला लाल दिवा दिसला. भारी तत्पर माणूस आहे, नको तिथे. मी म्हटलं करते नंतर, तर म्हणाला, मॅडम, तुम्ही कामात असता, मी लावतो ना फोन. लावला.

आत काय आहे? पानं. हसू नका, खरंच पानं आहेत. टोमॅटोची. पाच वर्षांची पानं आहेत, छोट्या छोट्या नळ्यांमधून, चिमूटभर पूडही होणार नाही एकेका नळीत. एवढ्या मोठ्या कपाटात पालापाचोळा भरून ठेवलाय म्हणायचं. पण त्याचं असं असतं — तुम्हाला सांगते, तुम्ही इतके फ्रीझर दुरुस्त करता, आत काय असतं ते कुणी सांगत नसेल — झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, हजारोंनी, पण सगळी एका वेळी बोलत नाहीत. तहान लागली की काही बोलायला लागतात, थंडी वाजली की दुसरी, किड्याने चावलं की तिसरी. कोण कधी बोलतं ते ऐकायचं, हे माझं काम. तीस वर्षं तेच करतेय. पान तोडलं की त्याच क्षणी ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचं, वाफा येतात त्याच्यातून, इतकं गार असतं ते, आणि पान कडक होतं, काचेसारखं. त्या क्षणी झाड जे बोलत होतं ते जसंच्या तसं आत राहतं. वर्षभराने काढा, दहा वर्षांनी काढा, ऐकू येतं. फक्त वितळू द्यायचं नाही. वितळलं की संपलं, पाच-दहा मिनिटांत सगळं पुसून जातं. मग उरतो तो पालाच.

उणे बेचाळीसला? नाही, अजून काही झालं नसेल. उणे वीसच्या पुढे गेला आकडा की मग अवघड. तसा वेळ आहे.

शेजारच्या लॅबमध्ये आहे ना फ्रीझर. हो, चालू आहे तो. जागा — आहे, दोन कप्पे रिकामे आहेत. हलवता आले असते डबे. अर्ध्या तासाचं काम. एकटीला जड होतात हो, आणि माझा खांदा दुखतो. विद्यार्थी असतात तसे, हाक मारली असती तर आले असते. नाही मारली. तुम्ही कराच तुमचं काम, माझं काय ऐकत बसलात.

धूळ? असेल. जाळी दर महिन्याला साफ करायची असा नियम आहे, भिंतीवर यादी लावलीय बघा, कुठल्या महिन्यात कुणाची पाळी. नियम माझाच. या महिन्यात पाळीही माझीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथले सगळे नियम माझे आहेत — चपला बाहेर, मोबाइल बाहेर, रोपांना हात लावू नये. ती पाटी वाचलीत ना दारावरची, लाल अक्षरांत? कारण आहे त्याला. रोपाला हात लागला तर त्याला कळतं. गंमत नाही सांगत. तुम्ही पानावरून नुसती बोटं फिरवा, अर्ध्या तासात त्याची वेगळीच जनुकं बोलायला लागतात. वाऱ्याने हलवलं काय, हाताने हलवलं काय, त्याला एकच — कुणीतरी आपल्याला हलवतंय, आता जपून राहा. रोज हात फिरवा, रोप बुटकं राहतं, खोड जाड होतं, पानं जाड होतात. आणि पाणी तोडलं तर लवकर माना टाकत नाही. काटक होतं. जुने रोपवाटिकावाले झाडूने हलवायचे रोपं, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. म्हणून पाटी. आम्हाला तहानेची जनुकं ऐकायची असतात, हाताची नाही.

तुम्ही ‘सतरा’ ऐकलंय? टोमॅटोचं बी, पाकिटं आलीत बघा जाहिरातीत. ते आमचं. माझं. आम्ही चाळीस वाण केले होते, प्रत्येकात एक-एक जनुक बदललेलं, प्रत्येकाचा एक ट्रे, ट्रेमध्ये बारा रोपं. दिव्यांच्या खोलीत ठेवायचे — ती काय समोर, काचेचं दार — आणि पाणी बंद करायचं. चौदा दिवस. बाकीचे नवव्या दिवशी मान टाकायचे, सतरा नंबरचा ट्रे चौदाव्या दिवशीही उभा. एकदा नाही, तीनदा केलं, पाच महिन्यांत तीन वेळा, तिन्ही वेळा उभा. मग काय — लेख छापून आला, मोठ्या ठिकाणी. हारतुरे झाले. माझ्या विद्यार्थिनीला त्याच्यावर डॉक्टरेट मिळाली, चांगली नोकरी मिळाली, मागच्या महिन्यात मुलगी झाली तिला, फोनवर म्हणाली, मॅडम, घरात हिला लाडाने सतराच म्हणतात सगळे. मी म्हटलं, नीट नाव ठेवा गं पोरीचं.

आणि बियाण्याच्या कंपनीने ते घेतलं. पाकिटावर छापलंय, दहा दिवस पाणी नाही दिलं तरी चालेल. पुढच्या हंगामात बाजारात येईल.

नाही चालणार. दहा दिवस नाही चालणार. नवव्या दिवशी मान टाकेल, इतरांसारखं.

थांबा, मी हे का सांगतेय तुम्हाला. तुम्ही फ्रीझरवाले. चहा घ्या हो तुम्ही, निवून जाईल.

काय म्हणालात? मशीनमध्ये दिसतं? म्हणजे कुठल्या वेळी बंद पडला तेही — मिनिटासकट? बघा, पाच वर्षं वापरतेय, मला माहीत नव्हतं, काखेत कळसा नि गावाला वळसा. काय लिहिलंय? काल दुपारी दोन दहा. हं. बरोबर आहे. काल दुपारी. मी इथेच होते, त्या टेबलापाशी. आवाज सुरू झाला, ती टीं-टीं, डोकं उठतं त्याने. मी उठून आवाजाचं बटण बंद केलं. तेही दिसतं का? दोन अकरा. मग दिसू दे.

तुम्ही असं बघू नका. मी काही तोडलं नाही, वायर काढली नाही, तो आपला आपण बंद पडला. मी फक्त बसले. पाच वाजेपर्यंत बसले, मग घरी गेले, जेवले, झोप नीट लागली. सकाळी आले तर उणे पंचेचाळीस. मला वाटलं होतं एव्हाना वीसवर आला असेल. फार हळू वितळतं हो, भरलेलं असलं की. दोन दिवस लागले असते. परवा ते लोक यायच्या आत झालं असतं.

दुसऱ्या संस्थेतले लोक. चांगले आहेत, फार सभ्य. त्यांनी सतरा चार वेळा लावला, चारही वेळा नवव्या दिवशी झोपला. त्यांनी लिहिलं, आमचंच काही चुकत असेल, तुमचे जुने फोटो आणि त्या वेळची पानं बघायला मिळतील का. आमचंच काही चुकत असेल, असं लिहिलं. मी म्हटलं हो, या ना.

फोटो म्हणजे — त्या खोलीच्या छताला कॅमेरा आहे. दर दहा मिनिटांनी फोटो काढतो, दिवसरात्र. संगणक त्यातला फक्त दुपारी बाराचा घेतो, पानं किती झुकली ते मोजतो, बाकीचे नुसते साठून राहतात. पाच वर्षांत कुणी उघडले नव्हते. कोण उघडणार, हजारो फोटो, सगळे सारखे, हिरवे ठिपके. मागच्या आठवड्यात त्यांना पाठवायचे म्हणून मी उघडले. दुपारचे नीट होते. मग सहज संध्याकाळचा एक उघडला, आणि सतरा नंबरच्या ट्रेवर हात.

हात, दादा. माणसाचा. मनगटापासून बोटांपर्यंत, पानांवर ठेवलेला. मला आधी राग आला — खरंच, इतका राग आला, कोण शहाणा आहे, एवढी पाटी लावलीय लाल अक्षरांत. दुसऱ्या दिवशीचा उघडला, हात. तिसऱ्या दिवशीचा, हात. रोज साडेपाच ते सहा. मग मनगटावरचं घड्याळ दिसलं. उजव्या हातात. या इमारतीत उजव्या हातात घड्याळ घालणारी मी एकटी. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मला आठवत नाही. तुम्हाला खोटं वाटेल. बसायचे हे आठवतं. तिथे आत एक स्टूल होतं, दाराजवळ, संध्याकाळी सहाला पानं तोडायची असायची, त्याच्या आधी अर्धा तास जाऊन बसायचे, उबदार असतं आत, आवाज नसतो कसला. पण हात — हात कुठे होता ते कोण लक्षात ठेवतं? तुम्ही आत्ता बोलताना तुमचा हात कुठे होता सांगा. बघा. गुडघ्यावर होता.

आणि तोच ट्रे का? कारण ट्रेच्या जागा रोज बदलायच्या असतात, दाराची झुळूक एकालाच लागू नये म्हणून — नियम, माझाच — आणि विद्यार्थिनी रोज सकाळी इमानेइतबारे बदलायची, वहीत लिहायची. आणि मी संध्याकाळी सतरा उचलून स्टुलाजवळ आणायचे. पहिल्या आठवड्यात तो जरा बरा दिसला होता, म्हणून जवळून बघावा. जाताना परत जागेवर. वहीत सगळं चोख. आईचं एक पोर लाडकं असतं ना, आणि विचारलं तर म्हणते, छे, मला सगळी सारखी. तसं.

घरी? घरी नवरा होता. आजारी होता. झटका आला होता त्याला, एक बाजू गेली, वाचा गेली, पाच महिने पडून होता घरी. तेच पाच महिने. डोळे उघडे असायचे पण ओळखतो की नाही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोला त्याच्याशी, हात लावा, काय सांगावं, येईलही काही परत. सासूबाई दिवसभर बसायच्या त्याच्याजवळ, हातावरून हात, कपाळावरून हात, लहानपणच्या गोष्टी सांगायच्या त्याला. मला म्हणायच्या, तू पण फिरव गं हात, तुझा हात ओळखेल तो. मी म्हणायचे, हो, आलेच. दारातून विचारायचे, ताप किती आहे. वही केली होती मी, ताप, रक्तदाब, लघवी किती, तक्ता आखून. सासूबाईंना तक्ता भरायला शिकवला. त्या वयात शिकल्या बिचाऱ्या.

मला जमत नव्हतं. घाण वाटायची असं नाही, भीती वाटायची असंही नाही. जवळ गेले की हात उचलायचा नाही, एवढंच. बावीस वर्षं संसार केला, चांगला केला, भांडणही फारसं नाही. आणि हात उचलायचा नाही. मी म्हणायचे उद्या. लॅबमध्ये काम आहे म्हणायचे. खरंच होतं काम. सासूबाईंनी कधी टोमणा मारला नाही, मारला असता तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाल्या, तुझे हात किती गार असतात गं, चुलीशी शेकून ये. चूल कुठली आमच्याकडे, गॅस होता.

तो गेला तेव्हा पावणेसहा वाजले होते. सासूबाई फोन करत होत्या, चौदा वेळा केला, पण मोबाइल आत न्यायचा नाही ना, बाहेर टेबलावर ठेवलेला. काचेचं दार जाड आहे. मी सहाला पानं तोडली, नायट्रोजनमध्ये टाकली, बाहेर आले, चौदा फोन दिसले. कळलंच मला. पण पानं हातात होती. नळ्यांवर तारीख घातली, डब्यात लावल्या, डबा या फ्रीझरमध्ये ठेवला, तिसऱ्या कप्प्यात, दार लावलं. मग फोन केला. लोकांना वाटतं मी दगड आहे. असेन. मला तेव्हा रडू आलं नाही, नंतरही नाही, मागच्या आठवड्यात फोटो बघितले तेव्हाही नाही. वाईट वाटायला हवं हे कळतं मला. कळतं आणि तिथेच थांबतं.

पुसले मी ते फोटो. चारशे अकरा होते, हात असलेले. एकेक बघून पुसले, दोन दिवस लागले. एक राहिला. पाच पन्नासचा, त्या दिवशीचा. त्यात हात असा आहे — पालथा नाही, थोडा वाकवलेला, बोटं पानांच्या खाली, म्हणजे आजारी माणसाचा चेहरा धरतात ना, तसा. तो नाही पुसला. काय करायचंय त्याचं, माहीत नाही.

पण फोटो पुसून काय होतं, पानं आहेत. पानं बोलणार. त्या लोकांनी एक नळी उघडली आणि तहानेच्या जनुकांऐवजी हाताची ऐकली, की झालं, सगळं ओरडून सांगेल ते — रोज संध्याकाळी कुणीतरी आम्हाला धरत होतं. आम्ही तेव्हा ऐकलं नाही कारण विचारलंच नाही. जे उत्तर हवं होतं तेवढंच विचारलं. मग लेख जाईल, माझं नाव जाईल, त्याचं मला काही नाही, चार वर्षांत निवृत्त होतेय. पण पोरीची डॉक्टरेट. तिची काय चूक? आणि दुसरीकडे ती पाकिटं. दहा दिवस पाणी नाही दिलं तरी चालेल म्हणून लोक निवांत बसतील, आणि रोपं झोपतील. कोण जाऊन हात फिरवणार आहे त्यांच्यावर? शेतभर?

म्हणून मी बसले. मला वाटलं, आपोआप होईल. आपण काही करायचं नाही, नुसतं बसायचं, वितळेल, परवा ते येतील, मी म्हणेन फार वाईट झालं हो, फ्रीझर बंद पडला. आणि ते खरंच असेल. नवऱ्याच्या वेळीही मी काही केलं नाही. आपोआप झालं.

का थांबलात? काय झालं?

चालू झाला? कधी? मी बोलत होते तेव्हाच? मला आवाजही नाही आला. एवढासा तुकडा जळला होता, हा? काळा पडलाय अगदी. हा बदलला की झालं. उणे त्रेचाळीस — हो, दिसतंय. चव्वेचाळीस. उतरतोय. संध्याकाळपर्यंत ऐंशीला जाईल म्हणताय. मला वाटलं होतं दिवसभर लागेल तुम्हाला, भाग मागवावा लागेल, उद्या या म्हणाल. तुमच्या पिशवीतच होता. बरोबर आहे, चांगला कारागीर असाच असतो.

कागद ना, भरा तुम्हीच, माझा चष्मा सापडत नाहीये. विचारा, मी सांगते. बिघाडाची वेळ — तीच घाला, काल दुपारी दोन दहा. मशीनमध्ये आहे ना, मग तीच. आतला माल. खराब की सुरक्षित. खराब लिहिलं तर पुढे काही विचारतात का? नाही विचारत. तुम्ही मी सांगेन ते लिहिणार.

वाढून वाढून उणे बेचाळीसपर्यंत गेला होता ना? बेचाळीसला पानांना काही होत नाही. कुणीही सांगेल.

सुरक्षित लिहा. परवा येतील ते, तिसऱ्या कप्प्यापासून सुरुवात करा म्हणून सांगेन. फोनही करायला हवा कंपनीला. आणि पोरीला आधी. बाळंतीण आहे, पण दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आणि आणखी काय आहे त्यात? बिघाड लक्षात आल्यावर ग्राहकाने काय केलं — असं विचारतात? लिहावंच लागतं? रिकामं नाही ठेवता येत.

लिहा, बाई बसून होत्या.

हो, एवढंच. नाही, खांदा दुखत होता वगैरे काही नको, बसून होत्या, पुरे. आणा इकडे, सही करते. ही घ्या. आता या तुम्ही.